सोसायटीचा कारभार व्यवस्थापन कंपनीकडे द्यावा का? एका खजिनदारांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

कांदिवलीच्या एका सोसायटीच्या खजिनदारांनी पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांची इमारत २००३ साली बांधलेली, दोन विंगांची आणि ११२ सदनिकांची आहे. अकरा वर्षे कारभार पाहणारे सचिव वयोमानामुळे बाजूला होत असून नव्या समितीत ते पद घ्यायला कोणी पुढे येत नाही. एका व्यवस्थापन कंपनीने दर सदनिकेमागे दरमहा ४५० रुपये घेऊन हिशोब, सुरक्षा, सफाई, लिफ्ट, वसुली आणि सभा हे सगळे पाहण्याचा प्रस्ताव दिला आहे. हा प्रस्ताव स्वीकारावा का, आणि स्वीकारल्यास समितीची जबाबदारी संपते का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

गेली चोवीस वर्षे मी याच कामात आहे. सुरुवातीला मुलुंड आणि भांडुपच्या लहान सोसायट्यांचे हिशोब लिहीत होतो, नंतर पूर्णवेळ व्यवस्थापक झालो आणि आता मुख्यतः व्यवस्थापक बदलताना कार्यभाराची देवघेव नीट व्हावी यासाठी समित्यांना मदत करतो. त्या अनुभवावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते निःसंदिग्ध आहे. जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे संस्थेचे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतात आणि समितीचे सदस्य आपल्या कार्यकाळातील निर्णयांना संयुक्तपणे आणि व्यक्तिशः जबाबदार असतात. कंपनीशी कितीही मोठा करार केला तरी सहकार खात्याच्या उपनिबंधकांची नोटीस कंपनीच्या नावाने येत नाही, ती अध्यक्ष व सचिवांच्या नावाने येते. सचिवपदाला उमेदवारच नसेल तर कंपनी ती जागा भरू शकत नाही, आणि समितीच अस्तित्वात आली नाही तर संस्थेवर प्रशासक किंवा प्राधिकृत अधिकारी नेमला जाऊ शकतो. म्हणून सचिव म्हणून कोणीतरी निवडून आलेच पाहिजे. कामाचा भार हलका करण्यापुरताच व्यवस्थापकाचा उपयोग आहे, आणि तो उपयोग मोठा आहे, हेही तितकेच खरे.

प्रस्ताव स्वीकारावा का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. दादर-गिरगावातल्या वीस-पंचवीस बिऱ्हाडांच्या जुन्या इमारतीला आठवड्यातून दोनदा येणारा हिशोबनीस आणि वेळ देणारा एक निवृत्त सभासद पुरेसा होतो. सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा, जनरेटर आणि पोहण्याचा तलाव असलेल्या टॉवरला तांत्रिक माणूस चोवीस तास लागतो आणि तिथे कंपनीशिवाय भागत नाही. ११२ सदनिकांची, चार लिफ्टची आपली सोसायटी या दोहोंच्या मधली आहे. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर होणे, झाले आहे की नाही, मोठी दुरुस्ती तोंडावर आहे का, थकबाकीदार किती आहेत, यांवरही बरेच ठरेल. आपल्या प्रश्नात यातले काही आलेले नाही, त्यामुळे मी तपशील सांगण्यापेक्षा विचार कसा करावा हे अधिक सांगतो.

आपण प्रश्न दराचा आणि कंपनीच्या निवडीचा म्हणून मांडला आहे. मला तो वेगळा दिसतो. अकरा वर्षांत आपल्या सोसायटीची सगळी माहिती एका माणसाच्या डोक्यात आणि एका लोखंडी कपाटात जमा झालेली आहे. कोणत्या सदनिकेचे नामनिर्देशन आले आहे, लिफ्टच्या देखभाल करारात कोणते सुटे भाग धरलेले नाहीत, २०१४ मध्ये वॉटरप्रूफिंग करणाऱ्याने हमी किती वर्षांची दिली होती, हे सचिवांना माहीत आहे आणि बहुधा दुसऱ्या कोणालाच नाही. हीच माहिती उद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि तिने नेमलेल्या मुलाच्या डोक्यात गेली, तर मूळ अडचण जिथल्या तिथे राहील. फरक एवढाच पडेल की सचिव त्याच इमारतीत राहत होते, तर तो मुलगा आठ-दहा महिन्यांत नोकरी बदलेल.

या गोष्टीचा धडा मी स्वतः महागात शिकलो आहे. मुलुंडच्या एका तीन विंगांच्या सोसायटीत मी व्यवस्थापक म्हणून रुजू झालो, त्याच महिन्यात समितीने सुरक्षा एजन्सी बदलली आणि सतरा वर्षे तिथे असलेला वॉचमन जुन्या एजन्सीबरोबर निघून गेला. जुलैमधल्या एका रात्री सी विंगच्या सहाव्या मजल्यावर डाउनटेक लाइन, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून घरांत पाणी आणणारा पाइप, फुटली. गच्चीवर टाकीखाली अकरा व्हॉल्व्ह होते आणि कोणता व्हॉल्व्ह कोणत्या लाइनचा हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. भर पावसात मोबाइलच्या उजेडात आम्ही चौघे एकेक व्हॉल्व्ह बंद करत होतो आणि खालून ओरडून सांगितले जात होते की पाणी अजून येतेच आहे. गंजलेला नववा व्हॉल्व्ह पाइप रेंचने फिरवला तेव्हा पाणी थांबले, पण तोवर चाळीस मिनिटे गेली होती आणि पाणी लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते. ती लिफ्ट पुढे कित्येक दिवस बंद राहिली आणि सातव्या मजल्यावरच्या एका आजींना डायलिसिससाठी खुर्चीत बसवून, उचलून खाली न्यावे लागले. पुढच्या रविवारी मी प्लंबरला घेऊन गच्चीवर गेलो, प्रत्येक व्हॉल्व्हवर लाल ऑइलपेंटने क्रमांक घातला आणि त्याचा नकाशा लॅमिनेट करून पंपरूममध्ये व वॉचमनच्या केबिनमध्ये लावला. सगळा खर्च हजार रुपयांच्या आत झाला. रुजू झाल्या दिवशीच मी हे करायला हवे होते, ही खंत अजून आहे.

कागदांच्या बाबतीत तर हे अधिकच लागू होते. थकबाकी वसुलीचे उदाहरण घेऊ. गृहनिर्माण संस्थांसाठी अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या तेरा-ब प्रकरणातील कलम १५४ब-२९ प्रमाणे थकबाकीदाराविरुद्ध वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. अर्जाचे कागद कंपनी तयार करील, परंतु अर्ज टिकतो तो देखभाल शुल्क ठरवणाऱ्या सर्वसाधारण सभेच्या ठरावावर. एका सोसायटीत पाच वर्षांच्या थकबाकीचे प्रकरण माझ्यासमोर अडकले, कारण शुल्क वाढवल्याचा ठराव इतिवृत्तात होता, पण त्याला ना सूचक-अनुमोदकांची नावे होती ना अध्यक्षांची सही. थकबाकीदाराच्या वकिलाने नेमके तेवढेच दाखवले. उपविधीप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नियमांप्रमाणे, थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येते, पण मूळ आकारणीच संशयास्पद ठरली की व्याजाचा प्रश्नही लोंबकळतो. त्या सोसायटीत उत्तम सॉफ्टवेअर होते आणि दरमहा सुबक बिले निघत होती, पण इतिवृत्ताच्या वहीकडे कोणाचे लक्ष नव्हते.

आता कोणते काम सोपवावे आणि कोणते हातात ठेवावे, याकडे येतो. रोजची कामे बिनधास्त सोपवा. बिले काढणे, पावत्या, पत्रव्यवहाराची आवक-जावक, प्लंबर-इलेक्ट्रिशियनच्या तक्रारी, टाकी धुण्याचे वेळापत्रक, भाडेकरूंचे लीव्ह अँड लायसन्सचे कागद जमा करणे, लेखापरीक्षकाला वह्या देणे आणि लेखापरीक्षणानंतर तीन महिन्यांत द्यायच्या दोषदुरुस्ती अहवालाचा मसुदा करणे, यांत चांगला व्यवस्थापक समितीचे कित्येक तास वाचवतो. तारखा पाळणे हे तर त्याचे मुख्य काम समजावे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत झाली पाहिजे. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे बी नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावे लागते. आपली इमारत १५ ते ३० वर्षांच्या गटात येते, म्हणजे उपविधीप्रमाणे दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी हवी, आणि तिशी ओलांडली की ती दर तीन वर्षांनी लागेल. या तारखा सचिवांच्या लक्षात राहत होत्या. आता त्या भिंतीवरच्या तक्त्यावर याव्यात.

पैसा, ठराव आणि निवड या तीन गोष्टी मात्र समितीने सोडू नयेत. बँक खात्यावर कंपनीच्या माणसाची सही नसावी. नेट बँकिंगमध्ये त्याने फार तर देयक तयार करावे आणि समितीतल्या दोघांनी ते मंजूर करावे. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, जो बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दराने दरवर्षी जमा व्हायचा असतो, त्याच्या मुदतठेवींच्या पावत्या आणि नूतनीकरणाची नोंदवही खजिनदारांकडे, म्हणजे आपल्याकडेच असावी. इतिवृत्ताचा मसुदा व्यवस्थापकाने केला तरी तो सचिवांनी वाचून सभेनंतर थोड्याच दिवसांत कायम करावा. कंत्राटदारांची दरपत्रके बंद लिफाफ्यात मागवावीत आणि ती समितीच्या सभेतच उघडावीत. काही कंपन्या आपलेच ओळखीचे कंत्राटदार आणतात. त्यात दरवेळी गैर असतेच असे नाही, पण कोणत्याही कंत्राटदाराकडून मोबदला घेणार नाही असे लेखी घ्यावे आणि ते द्यायला जी कंपनी कां-कूं करील तिच्याशी पुढे बोलू नये. पुनर्विकासाचा विषय निघालाच तर तो या करारापासून पूर्ण दूर ठेवावा, कारण कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांनी त्याची स्वतंत्र कार्यपद्धती आणि प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची निवड ठरवून दिली आहे.

माणसांच्या बिलाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सोसायट्यांचे सर्वाधिक पैसे इथेच जातात आणि सर्वांत कमी तपासणीही इथेच होते. ४५० रुपये गुणिले ११२ म्हणजे दरमहा ५०,४०० रुपये. एवढ्या रकमेत सुरक्षारक्षक आणि सफाई कामगारांचे पगार बसणे शक्य नाही. म्हणजे हे केवळ व्यवस्थापन शुल्क आहे आणि पगारांचे बिल वेगळे येणार आहे. एकच कंपनी माणसे पुरवणार, तीच हजेरी मांडणार आणि तीच बिल पास करून समितीपुढे ठेवणार, अशी रचना मी कोणालाही सुचवत नाही. पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीत असेच चालले होते. मी गेल्यावर एका महिन्याचा मस्टर आणि त्याच महिन्याची भविष्य निर्वाह निधीच्या चलनासोबतची नावांची यादी शेजारी ठेवून पेन्सिलीने खुणा केल्या. मस्टरवर चौदा नावे होती आणि यादीत नऊ. ज्यांची नावे यादीत नव्हती त्यांतला एक सफाई कामगार त्याआधी जिन्यावरून पडून पाय मोडून घरी बसला होता आणि त्याचा राज्य विमा योजनेचा क्रमांकच काढलेला नव्हता. एजन्सीने हात झटकले. तेव्हाच्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात अंशदान भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे सोसायटीवर होती. समितीने त्याचा औषधोपचार केला, ते योग्यच होते, पण दोन वर्षे बिलात त्याच्या विम्याचे पैसे मोजूनही त्या माणसाला त्याचा हक्क मिळाला नाही याचे मला फार वाईट वाटले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की मागच्या महिन्याची नावांसह यादी आल्याशिवाय या महिन्याच्या बिलावर सही होत नाही. हे तपासायला खजिनदारांना महिन्याला अर्धा तास पुरतो. सुरक्षा एजन्सीकडे २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालील परवाना आहे का, हेही एकदा पाहून घ्यावे.

दराविषयी एक हिशोब आपण स्वतः कागदावर मांडून पाहावा. कंपनीच्या ४५० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लागेल, म्हणजे दर सदनिकेचा प्रत्यक्ष भार ५३१ रुपये होईल. आपण आपले सध्याचे देखभाल शुल्क ७,१०० रुपये असल्याचे लिहिले आहे. त्यात ५३१ मिळवले की रक्कम ७,६३१ रुपये होते आणि आपण जीएसटीतून सूट मिळणारी दरमहा ७,५०० रुपयांची मर्यादा ओलांडता. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा बरीच जास्त असल्याने आता सभासदांच्या बिलावरही जीएसटी लागू होण्याचा प्रश्न उभा राहतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार तो संपूर्ण रकमेवर, म्हणजे दर सदनिकेमागे सुमारे १,३७४ रुपये येतो, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार फक्त वरच्या १३१ रुपयांवर, म्हणजे २४ रुपयांच्या आसपास येतो. नोंदणीनंतर कंत्राटदारांना दिलेल्या कराची वजावट मिळते आणि बिलातील मालमत्ता कराचा भाग वेगळा काढल्यास आकडे बदलतात, म्हणून आपल्या सनदी लेखापालांकडून हे आधी लेखी घ्यावे. केवळ ४५० चा आकडा सर्वसाधारण सभेपुढे ठेवून मंजुरी घेतली आणि दोन महिन्यांनी हजार-बाराशेची वाढ बिलात दिसली, तर दोष समितीच्या माथी येईल.

आपल्या जागी मी असतो तर सगळे काम एका कंपनीकडे दिले नसते. सोसायटीच्या पगारावर किंवा कंपनीमार्फत, पण नावानिशी ठरलेला एक पूर्णवेळ व्यवस्थापक घेतला असता. हिशोब वेगळ्या हिशोबनीसाकडे ठेवला असता, म्हणजे खर्च करणारा आणि खर्च लिहिणारा एकच राहत नाही. सुरक्षा आणि सफाईचे करार थेट सोसायटीशी केले असते. हे थोडे जिकिरीचे आहे आणि कंपनी म्हणेल की त्यामुळे समन्वय बिघडतो. काही अंशी ते खरे आहे. तरीही ११२ सदनिकांच्या सोसायटीला ही विभागणी झेपते, असे मी पाहिलेले आहे. कंपनीच घ्यायची ठरली तर करार एका वर्षाचा असावा, दोन्ही बाजूंना साठ दिवसांच्या सूचनेने बाहेर पडता यावे आणि शेवटच्या महिन्याचे शुल्क कार्यभार पूर्ण दिल्यावरच द्यावे.

करारातले सर्वांत महत्त्वाचे कलम माहितीच्या मालकीचे असावे. सोसायटीचा ईमेल पत्ता, महापालिकेच्या व वीज कंपनीच्या खात्यांचे पासवर्ड आणि सॉफ्टवेअरचे मुख्य खाते संस्थेच्या नावावर आणि समितीच्या मोबाइल क्रमांकावर असावे. दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत सर्व खातेवह्या एक्सेलमध्ये समितीच्या ईमेलवर याव्यात. आय आणि जे नमुन्यातील सभासद नोंदवह्या, भाग दाखल्यांची नोंद, नामनिर्देशन नोंदवही, इतिवृत्ते, मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची मूळ प्रत सोसायटीच्या ऑफिसबाहेर जाऊ नये. स्कॅन करायचे असेल तर यंत्र ऑफिसात आणावे. एका सोसायटीचे मूळ नकाशे असेच 'स्कॅनिंगला' गेले आणि कंपनी बदलताना सापडले नाहीत. नव्या प्रती मिळवायला महापालिकेत किती खेपा घालाव्या लागल्या याची मोजदाद मी ठेवली नाही.

या सगळ्याआधी एक काम आहे आणि ते सचिव अजून पदावर असतानाच उरकावे. त्यांच्या सोयीच्या तीन-चार संध्याकाळी घ्या, बरोबर दोन तरुण सभासदांना बसवा, कपाट उघडा आणि एकेक फाइल काढून ती कशाची, त्यातले काय अपुरे आहे, कोणत्या कंत्राटदाराशी काय बोलणे झाले होते, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या. सभासद नोंदवहीतील नावे आणि आजचे प्रत्यक्ष मालक पडताळून पाहा. इतक्या वर्षांत मृत्यू आणि विक्री झालेल्या सदनिकांत बऱ्याच नोंदी राहून गेलेल्या असतात. एका रविवारी सकाळी प्लंबर, लिफ्टचा मेकॅनिक आणि वॉचमन यांना घेऊन गच्चीपासून पंपरूमपर्यंत फिरा आणि व्हॉल्व्हवर क्रमांक घाला. ही यादी तयार झाली की तिची एक प्रत कंपनीला द्या आणि तिच्याबरोबर दोन गोष्टी मागा. आपल्याएवढ्याच सदनिकांच्या, तिने सोडलेल्या किंवा जिने तिला सोडले अशा एका सोसायटीच्या समितीचा संपर्क, आणि तिथला कार्यभार परत देताना केलेल्या यादीची सहीची प्रत. चालू ग्राहकांची नावे प्रत्येक कंपनी देते. ही सहीची प्रत ज्यांच्याकडे असेल त्यांच्याशीच दराची बोलणी सुरू करा.